पोपटवाल्यावर धाड, पण पिंजरे घरोघरी

वनविभाग आणि पोलिसांनी मिळून पोपट विकणाऱ्यांवर धाड टाकली, हे वाचून बरं वाटलं. पण भाऊ, विकत घेणाऱ्यांचं काय? आमच्याच गल्लीत तीन घरी पिंजरे टांगलेले आहेत, अन् कोणालाच तो गुन्हा वाटत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. आता आपला साधा हिरवा राघू अनुसूची २ मध्ये, म्हणजे कायद्याने संरक्षण दिलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. पाळला तरी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड.

मागे एका आठवडी बाजारात टोपलीत पिल्लं पाहिली होती. पंखही धड फुटले नव्हते, समोर भिजवलेली चण्याची डाळ, अन् अर्धी पिल्लं मान टाकून पडलेली. जवळच्या चौकीत सांगायला गेलो तर साहेब हसले, "पोपटाची तक्रार?" परत येईस्तोवर टोपलीवाला गायब!

म्हणून म्हणतो, वनविभागाचा १९२६ नंबर मोबाइलमध्ये ठेवा. अन् घरचा राघू एकदम उडवून देऊ नका बाप्पा, पंख छाटलेला असला तर कुत्र्या-मांजरांच्या तोंडी जाईल. नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये, म्हणजे वनविभागाच्या वन्यप्राणी उपचार केंद्रात नेऊन द्या.