दोन पाय की तीन पाय

टेक्सासात, सॅन अँटोनियोत बारा वर्षं काढल्यावर शेजाऱ्याच्या डिअर लीजला, म्हणजे हरणांच्या शिकारीसाठी भाड्याने घेतलेल्या रानाला, नाही म्हणणं जड जातं. नोव्हेंबरात सीझन उघडतोय, चल, म्हणाला. मी चाललो. त्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागला, २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सक्तीचा आहे, शेजारी त्याच्या आधीचा म्हणून सुटला आणि मी चाळिशीत परत परीक्षेला बसलो. आई फोनवर म्हणाली, अरे आपल्याकडे १९७२ पासून शिकार बंद आहे, आणि तू झुरळ दिसलं तरी बायकोला हाक मारतोस.

तर, उभं राहून रायफल धरली की स्कोपमधला, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीतला, क्रॉस हरणावर काही थांबेना, कान, शेपूट, मागचं मेस्किटचं झाड अशी प्रदक्षिणाच घालायला लागला. नेम धरायची जागा म्हणजे पोह्यांची डिश, सात-आठ इंच. आधार हवाच. आधार आणायला दुकानात गेलो आणि ग्रह फिरले.

पहिला बायपॉड घेतला, म्हणजे रायफलला पुढून लावायचे दोन पाय, पट्टा अडकवायच्या स्टडला लागतो तो, सहा ते नऊ इंची. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या मैदानात, टेबलावर ठेवला तर शंभर यार्डांवर तीन गोळ्या आमटीच्या वाटीत! मीच मला शाबासकी दिली. लीजवर जाऊन पोटावर आडवा झालो तर स्कोपमध्ये गवत. नुसतं गवत, एकेका पात्याची शीर दिसतेय. आणि शर्टात फायर अँट, नाव ज्याने ठेवलं त्याला आधी चावल्या असणार.

मग मोठा आणला, साडेतेरा ते सत्तावीस इंची, बसून मारायचा. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, ते सगळं नळीच्या बाजूला, प्रत्येक झुडपात अडकणार, आणि पाय उघडला की स्प्रिंगचा असा खटाक आवाज की हरणं पुढच्या काउंटीत. शिवाय मांडी घालून बसल्यावर रायफल आणि मी यांच्यात माझं पोट आलं, पण तो दोष बायपॉडवर टाकणं बरोबर नाही.

शेजारी म्हणाला, स्टिक्स घे, जमिनीवर रोवून वर रायफल टेकवायच्या उंच काठ्या, आफ्रिकेत सगळे त्याच्यावरूनच मारतात. दोन काठ्यांच्या पाहिल्या तर डावी-उजवीकडे ठीक, पण पुढेमागे झोके. शेवटी तीन पायांचं घेतलं, आपलं तिकाटणंच ते, फक्त पैसे दीडशे डॉलर. आफ्रिकेत ते ट्रॅकर, म्हणजे माग काढणारा, वाहतो आणि वेळेला लावूनही देतो, हे कोणी सांगितलं नव्हतं, इथे ट्रॅकर पण मीच.

ऐंशी यार्डांवर हरीण आलं. एका हातात रायफल, एका हातात काठ्या, गळ्यात दुर्बीण हेलकावे खातेय, एक पाय उघडला, दुसरा उघडला, तिसरा माझ्या बुटाच्या नाडीत. हरीण चावत चावत बघत होतं, लग्नात मांडव घालणाऱ्यांकडे रिकामटेकडे पाहुणे बघतात तसं. मग कंटाळून गेलं. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने पाठीवरची सॅक काढली, पडलेल्या ओंडक्यावर टाकली, तिच्यावर रायफल टेकवली. ठो. सॅक फुकटची होती, कुठल्यातरी कॉन्फरन्समध्ये मिळालेली.

तिकाटणं आता परसात आहे. बायकोने त्यावर वालाचा वेल चढवला, हलत नाही बरं का अजिबात, वाऱ्यात पण नाही. परवा सकाळी चहा घेऊन खिडकीशी आलो तर एक हरिणी तिकाटण्याशी उभी राहून शेंगा खात होती, इतकी जवळ की मला आधाराशिवाय पण जमलं असतं. "अहो, हाकला ना तिला," बायको म्हणाली. मी टाळी वाजवली. तिने नुसता एक कान हलवला.