जुन्या रिळांची बाजू

जुनी फ्लाय रिळं (माशीसारख्या हलक्या आमिषाने मासे धरताना काठीला लावायची, दोरी गुंडाळायची चाकं) फक्त शोभेला ठेवावीत, मोठा मासा त्यांना झेपत नाही, हे एका लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. हार्डी या इंग्रज कंपनीच्या परफेक्टसारखी रिळं 1890 च्या दशकापासून सॅल्मनसारख्या मोठ्या माशावरच तर वापरली गेली! त्यातला क्लिक-पॉल (दातेरी चाकावर टकटक करणारा छोटा खटका) माशाला दमवायला नसतोच. मासा धावताना फिरकी मोकाट सुटून दोरीचा गुंता होऊ नये, एवढंच त्याचं काम. रोखायचं ते बोटांनी आणि काठीच्या बाकाने.

काही रिळांत कॉर्कचा ड्रॅग असतो, म्हणजे फिरकीला घासून रोखणारा ब्रेक; त्याला मात्र जपावं लागतं. माझं एक रीळ झटके देत सुटायचं. उघडलं तर कॉर्क काचेसारखा गुळगुळीत, कडक. नीट्सफूट तेलाचे (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल) दोन थेंब चोळून रात्रभर ठेवलं, सकाळी जास्तीचं पुसलं, आणि फिरकी अशी मऊ सुटायला लागली की बघत राहावं. ठेवून देताना ड्रॅग पूर्ण सैल करा, नाहीतर कॉर्क दबून बसतो. खाऱ्या पाण्यानंतर गोड्या पाण्याने हलकेच धुवा. जोराच्या धारेने मीठ आणखी आत शिरतं. आणि जुनं बॅकिंग (मुख्य दोरीच्या मागे गुंडाळलेला राखीव धागा) आधी बदला. कुजलेला धागा मासा पहिल्याच धावेत तोडतो, आणि दोष बिचाऱ्या रिळाला लागतो.