उकळत्या सोड्याचं नेमकं काय चुकलं?

ताई, तुमची प्रतिक्रिया वाचून आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला, कारण तुमचे दोन मुद्दे बरोबर आहेत आणि असं काही कबूल करायला मला जरा वेळ लागतो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जुने क्रोशाचे रुमाल आणि टेबलक्लॉथ सोड्यात उकळू नका, ब्लीच किंवा लिंबू लावू नका, नीळ देऊ नका, खळ करून कपाटात ठेवू नका आणि शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या, असं मी लिहिलं होतं. त्यावर ताई म्हणतात, "आमच्या सासूबाई 40 वर्षं हे सगळं सोड्यात उकळायच्या, नीळ द्यायच्या, खळ करायच्या. एक टाका निसटला नाही. रुमाल वापरायला असतात, म्युझियमची थेरं आमच्या घरात कशाला?" पुढे त्यांनी हेही लिहिलंय की सासूबाईंचा अननसाच्या नक्षीचा टेबलक्लॉथ गेल्या दिवाळीत त्यांनी तसाच उकळला आणि तो मधोमध विरून आला. खापर हल्लीच्या सोड्यावर फोडलंय.

मी सोड्याची बाजू घेणार आहे. सुती धाग्याला सोड्याचं वावडं नसतं. तुमचा टेबलक्लॉथ ज्या चमकदार मर्सराइज्ड दोऱ्याचा आहे, तो दोरा कारखान्यातच कॉस्टिक सोड्यातून काढलेला असतो. जॉन मर्सर या इंग्रज माणसानं 1850 मध्ये त्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं, म्हणून तो 'मर्सराइज्ड'. धुण्याचा सोडा त्याच्यापुढे अगदीच मवाळ. तेव्हा सासूबाईंचं काही चुकत नव्हतं. नवं सूत, तेलकट डाग, उकळतं पाणी, सोडा, हे त्या काळचं उत्तम धुणं होतं.

पण सूत म्हातारं होतं. ऊन, हवा आणि मागच्या धुण्यांतलं ब्लीच यांनी धाग्यातलं सेल्युलोज, म्हणजे सूत ज्याचं बनतं तो पदार्थ, हळूहळू ऑक्सिडाइज होतं. असं सूत दिसायला फक्त पिवळट दिसतं, हाताला धडही लागतं. मात्र गरम सोड्यात त्या सेल्युलोजच्या रेणूंच्या साखळ्या तुटायला लागतात. नव्या सुताला जो सोडा काहीच करत नाही, तोच जुन्याला आतून पोखरतो. तुम्हीच लिहिलंय की टेबल खिडकीपाशी असतं, मधला भाग गेला आणि खाली लोंबणारी झालर शाबूत राहिली. पातेल्यात दोन्हींना सोडा सारखाच लागला ना? मग सोडा हल्लीचा असो की जुना, मधल्या भागानं जास्त ऊन खाल्लं होतं, एवढाच फरक मला दिसतो.

आता माझी फजिती. माझ्या आईचा एक ट्रेवरचा रुमाल पत्र्याच्या ट्रंकेत होता. बिजागरीला टेकून त्याला मसुराएवढा गंजाचा डाग पडला. मी शहाणपणा करून ब्लीच लावलं. डाग गेला नाहीच, उलट गडद झाला. मग लिंबू-मीठ चोळून दुपारभर उन्हात वाळवला. डाग फिका झाला, मी खूश. पुढच्या दोन धुण्यांत तेवढाच मसुराएवढा तुकडा गळून पडला, कडा अगदी गोल, पंचिंग मशीननं पाडावं तसं भोक. लोखंड असलेल्या जागी ब्लीच सुताला कितीतरी जोरात खातं. ऑक्सिजनवाल्या पावडरींचंही तेच. आणि लिंबाचा रस वाळत गेला की आंबटपणा तिथेच दाटतो आणि सूत आणखी कुजवतो.

इथेच तुमचा पहिला बरोबर मुद्दा. "लिंबू अजिबात नको" असं मी सरसकट लिहिलं, ते चूक होतं. धागा ओढून पाहिल्यावर धड वाटला, तर गंजाच्या डागावर लिंबाचा रस किंवा लिंबूसत्व पाण्यात कालवून लावता येतं. पण कपडा ओला असतानाच, वाळू न देता, पाच-दहा मिनिटं, आणि मग चार-पाच पाण्यांतून काढायचा. डाग फिका होईल, पूर्ण जाईलच असं नाही. मूळ लेखातली ती ओळ मी बदलली आहे.

दुसरा मुद्दा डिस्टिल्ड पाण्याचा. बादल्या भरभरून ते कुणी आणावं, हे तुमचं म्हणणं मान्य. पण बोअरच्या पाण्याचा मला धसका आहे. त्यात लोह असलं तर तुम्ही पिवळेपणा काढताय की घालताय तेच कळत नाही. घरच्या फिल्टरचं एक पातेलं शेवटच्या पाण्याला पुरतं.

बाकी माझी रीत फार सोपी आहे, म्युझियमची वगैरे नाही. आधी उजेडात धरून तुटलेल्या टाक्यांच्या साखळ्या शोधायच्या आणि त्याच जाडीच्या दोऱ्यानं बांधून घ्यायच्या, कारण क्रोशा हा एकाच दोऱ्याचा खेळ असतो. एक फासा सुटला की पाण्यात शेजारचे खांब (उभे टाके) सुटत जातात. मग मोठ्या प्लास्टिकच्या टबात जुन्या नायलॉनच्या मच्छरदाणीचा तुकडा अंथरायचा, त्यावर रुमाल, वर कोमट पाणी. साबण नको, काहीच नको. अर्ध्या तासानं पाणी कोऱ्या चहासारखं होतं. पिवळेपणाचा बराचसा भाग पाण्यातच विरघळणारा असतो, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आधी वापरलेल्या सगळ्या पावडरींची लाज वाटली. तीन-चारदा पाणी बदलायचं, गरज पडली तर सौम्य पातळ साबण, आणि उचलताना रुमाल नाही, मच्छरदाणी उचलायची. पाणी प्यायलेला टेबलक्लॉथ नुसता दोन कोपऱ्यांना धरला की स्वतःच्याच वजनानं फाटतो. पिळायचा नाही, दोरीवर टाकायचा नाही. टॉवेलवर पसरून हातानं नक्षी जुळवायची. टाचण्या लावल्या तर स्टेनलेस स्टीलच्याच.

नीळ डाग काढत नाही, वर रंग चढवते. आणि बरेचसे जुने रुमाल मुळातच मोतिया रंगाच्या दोऱ्याचे असतात, त्यांना पांढरंशुभ्र करायचा हट्ट कशाला? खळ मात्र हळदीकुंकवाला रुमाल मांडायचा असेल तेव्हा खुशाल करा. फक्त ठेवण्याआधी धुऊन टाका, कारण कसर त्या खळीसाठीच येते. (साखरेच्या पाकात बुडवून केलेल्या क्रोशाच्या परड्या आमच्याकडे होत्या. मुंग्यांनी त्यांचं काय केलं ते सांगत नाही.) डांबराच्या गोळ्यांचा इथे उपयोग नाही. त्या लोकरीच्या किडीसाठी, सुताला ती कीड लागत नाही.

"वापरायला असतात" हे मात्र तुमचं शंभर टक्के खरं. म्हणून तो टेबलक्लॉथ टाकून देऊ नका. झालर शाबूत आहे ना? विरलेल्या भागाच्या अलीकडे, शेवटच्या धड ओळीत चारही बाजूंनी हातानं बारीक टीप घाला आणि मगच कात्री लावा, आधी नाही. मध्ये नवं केंब्रिक, म्हणजे बारीक विणीचं सुती कापड, जोडा. केंब्रिक तेवढं आधी दोनदा धुऊन आटवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यातच कापड आटेल आणि झालरीला चुण्या पडतील.