टूथपिक लक्षात राहिल्या, मृत्युपत्र विसरलं

'रेन मॅन' या सिनेमाचं नाव काढलं की समोरचा टूथपिकवर येतोच. हॉटेलात डबी सांडते, त्यातला स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला, थोरला भाऊ रेमंड जमिनीकडे बघून 246 म्हणतो. डबी 250 ची, चार आतच राहिलेल्या. अहाहा! आणि मग मला ठरलेला प्रश्न येतो, "तुझ्या दादालाही असं काही येतं का गं?"

नाही येत. माझा दादाही स्वमग्न आहे, पन्नाशीला आलाय. त्याला हिशेब जमत नाही, कॅलेंडर तोंडपाठ नाही, चित्रकला नाही, गाणं नाही. घाबरला की लहानपणी रेडिओवर ऐकलेले बाजारभाव म्हणत येरझाऱ्या घालतो. "लासलगाव, उन्हाळ कांदा, क्विंटलला..." आणि पुढे तोंडात येईल तो आकडा. रेमंड घाबरला की जुन्या विनोदी जोडगोळीचे संवाद म्हणतो, तेच हे. फक्त आमच्याकडे कांद्याचा भाव.

बहुतेक स्वमग्न माणसांकडे अशी कुठलीही जादू नसते, हे त्या सिनेमानंतर घराघरांत सांगत बसावं लागलं. त्यात गंमत अशी की, ज्या किम पीकला भेटून लेखक बॅरी मॉरोला हे पात्र सुचलं, त्याला ऑटिझम नव्हताच, असं डॉक्टरांचं मत पुढे झालं. त्याच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टाच जन्मतः नव्हता. अफाट स्मरणशक्ती त्याची, शिक्का ऑटिझमचा. रेमंड झालेल्या डस्टिन हॉफमनला ऑस्कर मिळालं, सिनेमाला एकूण चार मिळाली, आणि आमच्यासारख्यांच्या वाट्याला तो टूथपिकचा प्रश्न आला.

तरीही मला हा 1988 चा सिनेमा आवडतो. कारण माझ्या मते तो मुळात ऑटिझमवरचा नाहीच, तो वाटणीवरचा सिनेमा आहे. बाप मरतो. धाकट्याच्या, चार्लीच्या, वाट्याला एक जुनी ब्युइक गाडी आणि गुलाबाची झाडं. तीस लाख डॉलर एका ट्रस्टमध्ये, अशा माणसासाठी की जो आपला सख्खा भाऊ आहे हे चार्लीला माहीतच नाही. मग हा पठ्ठ्या भावाला संस्थेतून परस्पर उचलतो, निम्मे पैसे टाका मग भाऊ देतो म्हणतो. अमेरिका सोडा, हे निफाड-दिंडोरीत कुठल्याही बांधावर घडेल. फरक इतकाच की तिकडे बापाने दुबळ्या मुलाच्या नावाने पैसा बांधून ठेवला. आपल्याकडे त्याच मुलाचा अंगठा हक्कसोडपत्रावर घेतला जातो. "त्याला काय कळतंय? आपणच बघणार आहोत ना त्याचं."

यावर जरा सविस्तर बोलते, कारण शिकलेली माणसंही "अशा मुलाला हिस्सा नसतो" असं ठामपणे सांगताना मी ऐकली आहेत. असतो. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात कलम 28 त्यासाठीच आहे: आजार किंवा व्यंग असलं म्हणून कुणी वारस म्हणून बाद होत नाही. दुसरं, मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. सही लागते तिथे अडतं. ऑटिझम असलेल्यांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो; जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. तिसरं आमच्या घरापुरतं, पण नाशिकरोडला अनेकांच्या कामाचं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, तिथल्या सरकारी छापखान्यात, प्रेसमध्ये होते. केंद्र सरकारी पेन्शन असेल तर स्वतः कमावू न शकणाऱ्या अपंग मुलाला कुटुंब निवृत्तीवेतन आयुष्यभर मिळू शकतं. अण्णा होते तेव्हाच कागद करून ठेवा, असं प्रेसमधल्याच एका काकांनी सांगितलं म्हणून आमचं निभावलं.

आता चार्लीबद्दल. बहुतेक परीक्षणांत तो स्वार्थी, मग प्रवासात बदलतो वगैरे. मला तो सुरुवातीपासून कळतो. त्याचा राग पैशाचा नाहीच. आपल्यापासून भाऊ लपवला याचा आहे. लहानपणी भीती वाटली की 'रेन मॅन' येऊन गाणं म्हणायचा, हे त्याला पुसट आठवतं, आणि तो रेन मॅन म्हणजे काल्पनिक सवंगडी नसून रेमंड होता हे त्याला मोटेलच्या बाथरूममध्ये कळतं. गरम पाण्याचा नळ सुरू होतो आणि रेमंड किंचाळायला लागतो. बाळाला भाजेल म्हणून. ते बाळ चार्ली. रेमंडला घरातून का पाठवलं याचं उत्तर तिथे आहे. घरातलं कुणीही हे त्याला कधी सांगत नाही, त्यासाठी बापाला मरावं लागतं.

आपल्याकडे भाऊ संस्थेत नसतो, आतल्या खोलीत असतो. मला बघायला पाहुणे यायचे तेव्हा दादाला मावशीकडे पंचवटीत सोडायचे. पोहे, साडी, "मुलीला किती भावंडं?" आणि आईचं उत्तर, "दोन भाऊ. मोठा जरा शांत आहे." दादा आणि शांत! मिक्सर लावला तरी तो दोन्ही कान दाबून ओरडतो. ढोलासाठी प्रसिद्ध असलेल्या नाशिकमध्ये असा माणूस सांभाळायचा म्हणजे काय, ते विसर्जनाला कळतं. आम्ही आदल्या दिवशीच दिंडोरीकडे मामांच्या मळ्यात जातो.

आईला मी दोष देत नाही. तेव्हा दादाला डॉक्टर 'मतिमंद' म्हणायचे आणि शेजारी 'लाडावलेला'. 1995 च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. ते 2016 च्या कायद्यात आलं, तोवर दादाचे केस पिकायला लागले होते. आणि आईलाच जबाबदार धरायची हौस तर जगभर होती. आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, असं मोठमोठे तज्ज्ञ म्हणत. आता थंडपणाच्या जागी मोबाइल आलाय, आरोपी तीच.

शेवटाबद्दल माझं मत लोकांना पटत नाही. रेमंड परत संस्थेत जातो, चार्ली स्टेशनवर त्याला सांगतो, दोन आठवड्यांनी भेटायला येतो. काही जण म्हणतात, छे, प्रेम जिंकायला हवं होतं, भावाला घरी न्यायला हवं होतं. कोण नेणार? आठवडाभर गाडीतून एकत्र फिरणं वेगळं आणि सोमवारी सकाळी आंघोळ घालणं वेगळं. चार्ली देऊ केलेले अडीच लाख डॉलर नाकारतो, तिथेच तो भाऊ झाला. त्यापुढे 'चोवीस तास मीच बघेन' असं सिनेमाने म्हणवून घेतलं असतं तर मी टीव्ही बंद केला असता. दोन आठवड्यांनी नक्की येतो म्हणणारा आणि खरंच येणारा भाऊ मला चालेल.

माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. पैसे वेळेवर पाठवतो, फोनवर "तू आहेस म्हणून" म्हणतो. त्या वाक्याने माझं डोकं फिरतं, पण तोही चुकीचा माणूस नाही. आई-अण्णांनी आम्हा दोघांना समोर बसवून 'आमच्यानंतर याचं असं असं करा' हे कधी म्हटलंच नाही. तो विषय काढणं म्हणजे मरणाचं बोलणं. परिणाम असा की इंदिरानगरच्या फ्लॅटवरून आमच्यात बराच काळ अबोला होता, आणि ज्याच्यासाठी भांडत होतो तो मधल्या खोलीत कांद्याचे भाव म्हणत होता.

मराठीत या बाजूने 2004 च्या 'देवराई'ने बघितलं. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा. आजार वेगळा, स्किझोफ्रेनिया, पण सोनाली कुलकर्णीची बहीण बघताना मला आपलं कुणीतरी पडद्यावर दिसलं. हिंदीत 'बर्फी'तली ऑटिझम असलेली झिलमिल गोड होती, जरा जास्तच गोड. 'सितारे ज़मीन पर'मध्ये निदान ज्यांची गोष्ट तेच पडद्यावर आले, याबद्दल आमिर खानला मार्क. पण तिथेही खेळ जिंकणं-हरणं आहे, उत्साह आहे. पन्नाशीच्या दादाचं काय? थेरपी सेंटरचे फोटो सगळे लहान मुलांचे असतात, जणू ही मुलं मोठीच होत नाहीत.

मला असा मराठी सिनेमा हवाय ज्यात तीन भावंडं आहेत, जेवणाच्या टेबलावर फ्लॅटची फाइल उघडी आहे आणि कुणालाही काहीही अलौकिक येत नाही. कुणी करत असेल तर कळवा, पहिल्या दिवसाचं तिकीट काढते. दादाला आणणार नाही, थिएटरमधला आवाज त्याला झेपत नाही. त्या दिवशी पुण्याहून धाकट्याला बोलवीन.