'माशु' म्हणजे टॅप हो, टॅप!

मालवणात बसून पोर्तुगीज यंत्रांच्या पुस्तिका इंग्रजीत आणते. दर वेळी तेच! पोर्तुगीज 'माशु' म्हणजे भोकात आटे पाडायचा टॅप, आणि माझं भाषांतर तपासणारा त्याचा 'मेल', म्हणजे नर, करून टाकतो. 'रोश्का माशु' असेल तर ठीक, ते बाहेरचे आटे. पण नुसतं 'माशु एम१०' म्हणजे १० मिमीच्या आट्यांचं हत्यार! 'पाराफुझु' तर स्क्रूही आणि बोल्टही. चित्र बघितल्याशिवाय ठरवायचं कसं? सगळ्यात संताप 'अव्हांसु'चा. ते लीड, म्हणजे एका फेऱ्यात नट सरकतो ते अंतर; पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, नव्हे! दुहेरी, म्हणजे शेजारी शेजारी फिरणाऱ्या दोन आट्यांचं पिच २ मिमी असेल, तर एका फेऱ्यात नट ४ मिमी सरकतो. लीडच्या जागी पिच छापलं की जेटीवरचा फिटर चुकीचा नट आवळून आटे मारून बसतो. नारळी पौर्णिमा तोंडावर आलीय, बोटी अजून किनाऱ्यावर, आणि मी परत तीच दुरुस्ती करतेय!