शिंकेच्या अर्धा क्षण आधी

शिंक येणार हे आधी नाकाला कळतं आणि लगेच मांड्यांना. बोलता बोलता एखादी बाई गप्प होते, एक पाय दुसऱ्यावर चढवते आणि चेहरा असा करते, जणू काही आठवतंय. आठवत काही नसतं, शिंकेसरशी लघवीचे थेंब निसटतील याची धास्ती असते. मी ओळखते, आम्ही सगळ्याच ओळखतो आणि सगळ्याच दुसरीकडे बघतो.

मग कुणीतरी आवाज खाली आणून म्हणतं, "अगं, ते व्यायाम कर ना." ते व्यायाम म्हणजे कीगल. अर्नोल्ड कीगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने ते १९४८ साली मांडले. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय असा सगळा संसार तिच्यावर टेकलेला. बाळंतपण, वाढलेलं वजन, जुना खोकला, रोजचं कुंथणं यांनी झोळी सैलावते. खोकलं की पोटातला दाब वरून खाली येतो, झोळी दबते आणि मूत्रमार्ग वेळेवर मिटत नाही.

आता गंमत अशी की या स्नायूला शोधायचं कसं? तो दिसत नाही. चारचौघांत वायू अडवायचा आहे आणि त्याच दमात लघवीही, असं समजून आवळा. काहीतरी आत आणि वर ओढलं गेलं, की तोच तो. पण हाक त्याला मारावी आणि धावून यावेत शेजारी! नितंब आवळतात, मांड्या चिकटतात, पोट आत जातं, श्वास कोंडतो, दातांवर दात बसतात. एवढी सगळी मंडळी हजर, आणि ज्याचं काम तो आरामात झोपलेला. म्हणून एक हात नितंबावर ठेवायचा आणि आकडे मोठ्याने मोजायचे. आवाज अडकला तर श्वास कोंडलाय.

त्याहून वाईट म्हणजे वर ओढण्याऐवजी खाली ढकलणं. बऱ्याच जणी मनापासून कुंथतात, म्हणजे व्यायामाच्या नावाखाली झोळी आणखी सैल करतात. खात्री करायची तर गुडघे वाकवून बसा आणि हातआरसा धरा. योनी आणि गुदद्वाराच्या मधला भाग आत, वर सरकला तर बरोबर. बाहेर फुगला तर चूक. आणि लघवी मध्येच थांबवून सराव करू नका. एखाद्या वेळी ओळख पटवायला ठीक, पण रोज केलंत तर मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची सवय लागते.

सुरुवात पाठीवर पडून, गुडघे वाकवून. तीन सेकंद आवळा, निदान तेवढाच वेळ पूर्ण सोडा. सोडणंही व्यायामच आहे, आमच्यासारख्या घाईच्यांना तेच जड जातं. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जा. असे आठ ते बारा, त्यानंतर दहा झटपट आवळे. दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. जमू लागलं की बसून, मग उभ्याने. पाचव्या दिवशी "काहीच फरक नाही" म्हणणारीला माझ्याकडून नमस्कार. पाणी कमी पिण्याचा शहाणपणा मात्र नको. लघवी दाट होते आणि मूत्राशय आणखी कुरकुरतं. लघवीत रक्त, जळजळ, खाली काही उतरल्यासारखं वाटणं, आवळताना दुखणं असं काही असेल तर आधी डॉक्टर. तीन महिने करूनही फरक नसेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा, कित्येकदा आवळायचा स्नायूच चुकलेला असतो.

आता शिंक. नाक हुळहुळलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं, मग सोडायचं. क्रम उलटला तर उपयोग शून्य. आणि शिंका क्वचितच एकट्या येतात. पहिलीला जिंकलो म्हणून सैल पडलात, की दुसरी दारात उभीच असते.