खुलासा: ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे, मुलांना खाली खेळायला पाठवू नका’

दुचाकीवरून मूल उचलून नेल्याची क्लिप सोबत जोडून हा मेसेज पुन्हा फिरतो आहे. ती क्लिप मूळची कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेबाबतच्या जनजागृती फिल्मची. मूल परत आणून सोडल्याचा आणि सूचना-फलकाचा शेवटचा भाग कापून ती पसरवली गेली. अशाच अफवांमुळे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जमावाने जीव घेतला. मेसेज पुढे पाठवू नका, ही आमची कळकळीची विनंती.

मेसेजमधला सल्लाही चुकीचा आहे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खेळताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम पुरे. नैराश्याची लक्षणं कमी होण्याशीही या हालचालीचा संबंध आहे. घरात कोंडलेल्या मुलाचा हा तास बहुधा मोबाइलवर जातो.

खरा धोका बहुतेकदा वेगळीकडे असतो: रिव्हर्स घेणारी गाडी, उघडी पाण्याची टाकी, बंद पडलेला दिवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांत तर आरोपी बहुतेकदा ओळखीचाच निघतो. म्हणून संध्याकाळी ५ ते ७ सोसायटीच्या गेटच्या आत गाड्या बंद ठेवा, पाळीपाळीने एक मोठं माणूस खाली बसवा. ‘आईने बोलावलंय’ म्हणणाऱ्याला विचारायचा परवलीचा शब्द घरात ठरवा. संशय आला तर ११२ (आपत्कालीन मदत) किंवा १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) लावा. कुणाला अडवून मारहाण करू नका.